काय फेकायचं ते सेन्सरनेच ठरवलं तर?

प्रश्न असा आला: "मी ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचं भोसरीत बोल्ट बनवायचं छोटं वर्कशॉप आहे, तिथली तपासणी अजून डोळ्यांनीच होते. हल्ली वाचनात येतं की असे प्रकाशसंवेदी सेन्सर आलेत, जे चित्र बाहेर पाठवतच नाहीत. आतल्या आत त्याचा अर्थ लावतात, माणसाच्या डोळ्यासारखे. हे खरंच वापरण्याजोगं झालंय का? प्रोजेक्टला घेऊन बोल्ट तपासता येतील का?"

मशीन व्हिजनच्या, म्हणजे कॅमेऱ्याने माल तपासण्याच्या, कामात मला वीसेक वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी चाकण-भोसरी पट्ट्यातल्या लाइनींवर, कन्व्हेयरखाली उकिडवं बसून दिव्याचा कोन जुळवण्यात गेली. तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसाचं नव्हे, लाइनवरच्या माणसाचं उत्तर देतो.

आधी तुमच्या टेबलाकडे बघा. जुना, तारेचा, पोटाखाली लाल उजेड पाडणारा माऊस असेल तर तुम्ही विचारताय तो सेन्सर तुमच्या हाताखालीच आहे. एडीएनएस २६१० नावाची एक चिप या माऊसमध्ये खूप वापरली गेली. तिच्यात १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ पिक्सेल. ती टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला १,५०० फोटो काढते, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी ताडून बघते आणि बाहेर फक्त दोन आकडे देते: आडवं किती सरकलो, उभं किती सरकलो. टेबलाचा फोटो कॉम्प्युटरला कधीच मिळत नाही आणि त्याला तो नकोही असतो.

ही कल्पना तर त्याहूनही जुनी. झेरॉक्स कंपनीत रिचर्ड लायन यांनी १९८०च्या सुमारास प्रकाशावर चालणारा माऊस केला, त्याच्या चिपवर प्रकाश टिपणाऱ्या जागा फक्त सोळा होत्या. त्या एकमेकींना दाबत. एकीवर जास्त उजेड पडला की ती शेजारणींना गप्प करायची, आणि ठिपक्यांची नक्षी कुठे सरकली हे त्या गप्प-बोलक्या जागांच्या रचनेवरून कळायचं. त्यासाठी ठिपके छापलेलं खास पॅड लागे. कुठल्याही टेबलावर चालणारा माऊस लोकांच्या हाती आला तो १९९९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊस एक्सप्लोररच्या रूपाने.

माऊसपासून सुरुवात केली ती गंमत म्हणून नाही. तो जमला, कारण त्याला विचारायचा प्रश्न आधीच पक्का होता आणि कधी बदलणार नव्हता. हे वाक्य पुढे परत लागेल.

आता हा खटाटोप कशासाठी ते हिशेबाने बघू. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा साधा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे फोटो, देतो, दर पिक्सेलला १० बिट. म्हणजे सेकंदाला साधारण ६२ कोटी बिट. बोल्ट येवो न येवो, पट्टा चालू असो वा बंद, एवढा माल सेन्सरमधून बाहेर काढायचा, तारेवरून न्यायचा, मेमरीत उतरवायचा आणि मग प्रोसेसरने त्यातला बहुतेक सगळा 'काही नाही' म्हणून टाकून द्यायचा. या ने-आणीत आणि प्रत्येक पिक्सेलचा आकडा करण्यात जी वीज आणि वेळ जातो, तो पुष्कळदा मूळ गणितापेक्षा जास्त असतो. कांदे मार्केटला नेऊन तिथे सडके निवडण्यासारखं आहे. निवड शेतातच झाली असती तर गाडीभाडं वाचलं असतं.

डोळ्याची उपमा इथेच लागू पडते, 'विचार करण्या'पाशी नाही. आपल्या दृष्टिपटलावर, म्हणजे रेटिनावर, सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी आहेत, पण मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत धागे दहा लाखांच्या आसपासच. एवढ्या मोठ्या जमावाचं म्हणणं एवढ्या थोड्या तोंडांतून जायचं तर मधे काटछाट होणारच, आणि ती डोळ्यातच होते. काठ कुठे आहे, काय हललं, कुठे फरक पडला, एवढं पुढे जातं. अमेरिकेतल्या कॅलटेक या तंत्रसंस्थेत कार्व्हर मीड आणि त्यांची विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड यांनी ही काटछाट सिलिकॉनवर उतरवली. १९९१ मध्ये त्यांनी आपल्या 'सिलिकॉन रेटिना'ची ओळख सर्वसामान्य वाचकांना करून दिली. प्रकाश टिपणारी प्रत्येक जागा आपल्या उजेडाची तुलना शेजाऱ्यांच्या सरासरीशी करी, आणि ती सरासरी काढायला प्रोसेसर नव्हता, रोधकांचं जाळं होतं. जाळ्यातून करंट पसरला की सरासरी आपोआप निघते. पुढे १९९८ मध्ये मित्सुबिशीची 'कृत्रिम रेटिना' म्हणवली जाणारी चिप चक्क गेम बॉय या हातातल्या व्हिडिओ गेमच्या खेळण्यातल्या कॅमेऱ्यात आली. चित्रातले काठ ठळक करायचं काम ती चिपवरच करू शकत असे. पोरांच्या हातात ते तंत्र होतं, आणि आपल्याकडे परिसंवाद चालले होते 'भविष्यातील दृष्टी'वर!

आजच्या बातम्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने खपवल्या जातात, म्हणून तुमच्यासारख्यांचा गोंधळ होतो.

पहिली सगळ्यात सरळ. वर पिक्सेलची चिप, तिच्या पाठीला चिकटवलेली दुसरी चिप, आणि त्या दुसरीत प्रोसेसर. सोनीने मे २०२० मध्ये जाहीर केलेला आयएमएक्स ५०० हा असा. पिक्सेल सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे अगदी नेहमीचे. फरक असा की मागच्या चिपवर छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून ओळखायला शिकवलेलं मॉडेल) चालतं आणि बाहेर 'दोन माणसं, एक सायकल, या चौकटीत' एवढीच नोंद काढता येते. खरं सांगायचं तर इथे पिक्सेल काहीच हुशार झालेला नाही, प्रोसेसरने फक्त घर बदललंय. पण घर बदलल्याचे फायदेही खरे आहेत. सप्टेंबर २०२४ पासून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचा एआय कॅमेरा याच सेन्सरवर मिळतो, तेव्हा किंमत ७० डॉलर होती. मर्यादा एकच ध्यानात ठेवा: फर्मवेअर (चिप चालवणारा आतला प्रोग्रॅम), नेटवर्क आणि कामापुरती जागा, सगळं मिळून आठ एमबीत बसवायचं. इंटरनेटवरून उतरवलेलं कुठलंही मॉडेल त्यात कोंबता येईल या भ्रमात राहू नका.

या प्रकाराची जाहिरात 'चित्र बाहेर जातच नाही, म्हणून खासगीपणा सुरक्षित' अशी होते. अर्धं खरं आहे. त्याच सेन्सरला पूर्ण चित्र पाठवायला सांगणारी सेटिंगही असते, ती कोणाच्या हातात आहे ते विचारा.

दुसऱ्या प्रकारात पिक्सेल स्वतःच काम करतो. यातला माझ्या हाताखालून गेलेला म्हणजे इव्हेंट कॅमेरा. झुरिकच्या न्यूरोइन्फर्मेटिक्स संस्थेतले पॅट्रिक लिख्टस्टायनर व टोबी डेलब्रुक आणि ऑस्ट्रियातले क्रिस्टोफ पॉश यांनी तो घडवला. १२८ गुणिले १२८ पिक्सेलच्या सेन्सरवरचा त्यांचा लेख २००८चा. यात फ्रेम नावाची गोष्टच नाही. प्रत्येक पिक्सेलमधलं सर्किट आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा लॉगॅरिदम घेतं, शेवटचा निरोप दिला तेव्हा तो किती होता हे एका कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या घटकावर) लक्षात ठेवतं, आणि फरक उंबरठ्यापलीकडे गेला की हाक देतं: 'मी अमुक आडव्या ओळीतला, तमुक उभ्या रांगेतला, उजेड वाढला' किंवा 'कमी झाला'. संपलं. किती उजेड आहे हे तो सांगतच नाही. लॉगॅरिदममुळे तुलना गुणोत्तराने होते, त्यामुळे अर्धं चित्र उन्हात आणि अर्धं सावलीत असलं तरी दोन्हीकडचे पिक्सेल सारख्याच कानाने ऐकतात. त्या पहिल्या सेन्सरची पल्ला-क्षमता १२० डेसिबल होती, म्हणजे सर्वांत अंधुक आणि सर्वांत लख्ख उजेडात दहा लाख पटींचं अंतर. हाक द्यायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा.

कागदावर हे वाचून मी हरखलो होतो. एक कॅमेरा काही दिवसांसाठी उसना मिळाला, तो घेऊन एका गाळ्यात गेलो. पट्ट्यावर बोल्ट, वर ट्यूबलाइट. स्क्रीनवर नुसता पाऊस. बोल्टचा पत्ता नाही, सगळे पिक्सेल एकदम ओरडतायत. तासभर सेटिंग खेळून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला मात्र शंभर वेळा दिवाळी. ट्यूब बंद करून डीसीवर चालणारा एलईडी लावला आणि पाऊस थांबला. बोल्टचे काठ असे लख्ख दिसले की बघत राहावं. तेवढ्यात कोणीतरी पट्टा थांबवला आणि बोल्ट स्क्रीनवरून विरघळून गेला. सुपरवायझरने मान पुढे काढून विचारलं, "सर, बोल्ट गेला कुठं?" बोल्ट तिथेच होता. हलत नव्हता, म्हणून त्याची बातमी नव्हती.

पुढच्या पिढ्यांत त्या पावसावर उपाय आलेत. सोनी आणि पॅरिसच्या प्रोफेसी कंपनीचा आयएमएक्स ६३६ हा १२८० गुणिले ७२० पिक्सेलचा सेन्सर दिव्याची फडफड गाळणारी आणि इव्हेंटच्या, म्हणजे त्या हाकांच्या, पुराला बांध घालणारी सोय चिपवरच घेऊन येतो. तो बांध हवाच. दृश्य शांत असेल तर हा सेन्सर जवळजवळ मुका असतो, पण कॅमेरा स्वतः हलला किंवा मागे पंखा फिरत असला की सगळीकडे बदलच बदल, आणि या घराण्यातल्या सेन्सरची सेकंदाला शंभर कोटीहून जास्त इव्हेंट बाहेर काढायची ताकद आहे. वर साध्या कॅमेऱ्याचा हिशेब केला तो सेकंदाला सव्वासहा कोटी पिक्सेलचा होता. म्हणजे 'डेटा कमी होतो' हे वाक्य दृश्यावर अवलंबून आहे, कॅमेऱ्यावर नाही. विक्रेत्याच्या सादरीकरणात नेहमी काळ्या पडद्यापुढे फिरणारी एकच वस्तू का असते, ते आता कळेल.

तरीही हा कॅमेरा मी टाकाऊ म्हणणार नाही. योग्य प्रश्न मिळाला की तो कमाल करतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) गटाने २०२३ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाला जोडून चमकणाऱ्या सूक्ष्म कणांची जागा २० नॅनोमीटरच्या आत नेमकी धरली. लेसर कमी-जास्त करायचा आणि उजेड वाढल्याच्या व कमी झाल्याच्या हाका वेगवेगळ्या वाचायच्या. इथे बदल हाच प्रश्न होता, आणि बदल कधी करायचा ते प्रयोग करणाऱ्याच्या हातात होतं.

याच प्रकारातलं दुसरं टोक म्हणजे मँचेस्टर विद्यापीठात पीटर डुडेक यांच्या गटाने केलेली स्कँप-५ चिप. २५६ गुणिले २५६ पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलच्या पोटात स्वतःचा चिमुकला प्रोसेसर. बाहेरून एक आज्ञा आली की ६५,५३६ प्रोसेसर ती एकाच वेळी आपापल्या आकड्यावर चालवतात: शेजाऱ्याचा आकडा घे, वजा कर, उंबरठ्याशी ताड. काही साध्या कामांना सेकंदाला एक लाख फ्रेमपर्यंत ती गेली आहे. किंमत मोजावी लागते ती जागेची. एक पिक्सेल सुमारे ३२ मायक्रॉनचा. तुमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात पिक्सेल आता एक मायक्रॉनच्याही खाली उतरलेत, म्हणजे या एका पिक्सेलच्या जागेत मोबाईलचे हजारभर बसतील. शिवाय पिक्सेलमधला आकडा डिजिटल नसून कपॅसिटरवरचा विद्युतभार असतो. तो गळतो, आणि प्रत्येक बेरीज-वजाबाकीत थोडी चूक मिसळत जाते. लांबलचक गणित करायचं तर उत्तर येईपर्यंत आकडा मळून जातो.

आणि तिसरा प्रकार, ज्याच्या बातम्या तुम्ही बहुधा वाचल्यात. इथे पिक्सेलच्या शेजारी प्रोसेसर नसतो. प्रकाशाचा करंट करणारं उपकरणच गुणाकार करतं. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात थॉमस म्युलर यांच्या गटाने मार्च २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलेली चिप हा याचा नमुना. पदार्थ टंगस्टन डायसेलेनाइड, जाडी काही अणूंची. प्रत्येक फोटोडायोडखाली (प्रकाश पडला की करंट देणाऱ्या घटकाखाली) दोन गेट, म्हणजे वोल्टेज द्यायच्या पट्ट्या. त्यांवर उलटसुलट वोल्टेज दिलं की तिथेच पी-एन जोड, म्हणजे डायोडचा गाभा, तयार होतो, आणि वोल्टेज बदललं की त्या डायोडची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता बदलते, कमी-जास्तच नव्हे तर उलट चिन्हाचीही करता येते. आता करंट म्हणजे काय? पडलेला प्रकाश गुणिले ती दाद. न्यूरल नेटवर्कमध्ये निविष्ट आकड्याला वजनाने गुणतात, तेच झालं. मग निरनिराळ्या डायोडच्या तारा एकत्र जोडल्या की करंटची बेरीज किरचॉफच्या नियमाने फुकट मिळते. गुणाकार आणि बेरीज, दोन्ही निसर्गाने केले. घड्याळाचा ठोका नाही, मेमरी नाही. उत्तर यायला सुमारे ५० नॅनोसेकंद.

कल्पना इतकी देखणी आहे की पहिल्यांदा वाचताना मी चहा निववला होता. पण आकार बघा: चित्र ३ गुणिले ३ पिक्सेलचं. प्रत्येक पिक्सेलचे तीन भाग, म्हणून एकूण २७ डायोड. ओळखायची अक्षरं तीन, इंग्रजी लिपीतली एन, व्ही आणि झेड, तीही लेसरच्या उजेडात. प्रत्येक डायोडचं वजन टिकवायला त्याच्या गेटवर बाहेरून वोल्टेज धरून ठेवावं लागतं. २७ डायोडना तशा तारा ओढता येतात, दहा लाखांना कशा ओढाल? शिवाय दोन डायोड हुबेहूब सारखे बनत नाहीत, आणि इथे फरक पडला तर नुसतं चित्र डागाळत नाही, उत्तरच चुकतं. प्रकाश आणि वजन हा गुणाकार जुन्या लोकांनाही सुचला होता. मित्सुबिशीत काझुओ क्युमा आणि सहकाऱ्यांनी दाद बदलता येणाऱ्या प्रकाशसंवेदकांवरची कृत्रिम रेटिना १९९४ मध्येच 'नेचर'मध्ये मांडली होती. म्हणून 'पाच वर्षांत बाजारात' असं कोणी म्हणालं की मी मान डोलावतो आणि माझा नेहमीचा कॅमेरा ऑर्डर करतो.

आता ते माऊसवालं वाक्य: प्रश्न आधीच पक्का होता. या तिन्ही प्रकारांत सेन्सर एकच गोष्ट करतो: फेकतो. आणि सेन्सरने फेकलेलं परत मिळत नाही. ही अक्कल मला एका लाइनवर आली. हुशार कॅमेरा बसवला होता, तो फक्त 'पास' किंवा 'फेल' पाठवी. चित्र साठवायला जागा लागते, नेटवर्क तुंबतं, म्हणून चित्रं बंद ठेवा असं मीच सुचवलं होतं. तीन महिन्यांनी ग्राहकाकडून माल परत आला. डोक्याखालच्या गोलाईत बारीक चीर होती. त्या लॉटच्या प्रत्येक नगासमोर आमच्या नोंदीत 'पास'. चीर कॅमेऱ्याला दिसली होती आणि त्याने सोडून दिली, की उजेडच असा होता की ती दिसलीच नाही? सांगायला एकही चित्र नव्हतं. मीटिंगमध्ये माझ्याकडे बघणाऱ्या आठ चेहऱ्यांपुढे मी कोरी एक्सेल शीट उघडून बसलो होतो. तेव्हापासून माझा नियम आहे: नवीन लाइनवर निदान पहिले काही महिने कच्ची चित्रं सगळी ठेवायची, हार्ड डिस्क कितीही लागोत. कोणते दोष येतात, ते कसे दिसतात, हे पुरतं कळल्यावरच काटछाट सेन्सरकडे सोपवायची.

तुमच्या वडिलांच्या बोल्टकडे या नजरेने बघा. दोष कोणते, हे आज त्यांच्या बोटांना माहीत आहे, कागदावर नाही. आटे दबलेले, डोक्याला चीर, कोटिंग उडालेलं, लांबी कमी. प्रश्न पक्का नाही. अशा वेळी इव्हेंट कॅमेरा घेतलात तर कोटिंगची उजळ-मंद छटा हरवेल, कारण तो उजेडाचं प्रमाण सांगतच नाही. साधा ग्लोबल शटरचा (सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा) काळा-पांढरा कॅमेरा घ्या आणि खालून स्ट्रोब, म्हणजे क्षणभराचा झगझगीत उजेड, मारा. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल आणि ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त पुसटपणा नको असेल, तर स्ट्रोब १०० मायक्रोसेकंदांचा पुरे. आटे आणि लांबी त्या सावलीतच मोजता येतील. चीर आणि कोटिंगसाठी वरून वेगळा दिवा लागेल, आणि प्रोजेक्टचा खरा घाम तिथेच गाळावा लागेल. दोनेक हजार चांगले-वाईट बोल्ट वडिलांकडून वेगळे करून घ्या. पुढे त्यावर शिकवलेलं छोटं मॉडेल आयएमएक्स ५०० वर चढवून बघा, म्हणजे अहवालात 'सेन्सरवर प्रक्रिया' हे प्रकरणही खरंखुरं लिहिता येईल.

हे सगळं आतून समजून घ्यायचं असेल तर जुन्या बाजारातून तारेचे दोन-तीन माऊस आणा. चिपवरचा क्रमांक वाचा; एडीएनएस २६१० निघाली तर नशीब. सेन्सर आणि यूएसबीचं काम एकाच चिपमध्ये कोंबलेले नवे माऊस उपयोगाचे नाहीत, आत शिरायला वाट नसते. या चिपच्या दोन तारा अर्डुइनोला (प्रयोगासाठीच्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला) जोडल्या की एका रजिस्टरमधून, म्हणजे चिपच्या आतल्या नोंदीच्या खणातून, पिक्सेल वाचता येतात, पण एका फ्रेमला एकच. म्हणजे एक अख्खं चित्र जमवायला ३२४ फ्रेम, सेकंदाचा जवळपास पाचवा हिस्सा, तोवर माऊस तसूभरही हलवायचा नाही. किती सरकलो याचं उत्तर सेकंदाला १,५०० वेळा ताजं करणारी चिप स्वतःचं चित्र दाखवायला इतकी कुरकुरते. उघडताना सेन्सरखालची प्लास्टिकची लेन्स सुटून पडते, ती जपा. ती नसेल तर ३२४ पिक्सेलमध्ये नुसतं राखाडी दिसेल आणि तुम्ही दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसाल.